कातडी ओढू नका

नागपुरात पारा ४५ अंशांकडे झुकला की घामोळ्यांच्या काळजीने तान्ह्या मुलाची ‘शू’ची जागा जरा जास्तच घासली जाते. मालिश करताना शिश्नाची पुढची कातडी मागे ओढून तेल घालण्याची खोडही जुनीच. हे थांबवा. जन्मतः ही कातडी आतून शिश्नमण्याला, म्हणजे शिश्नाच्या गोल टोकाला, चिकटलेली असते, नखाखालच्या त्वचेसारखी. लंगोटातल्या शी-शूपासून ती मण्याला जपते, आतला भाग ओलसर ठेवते. शिवाय तिच्या टोकाशी स्पर्श जाणणारे मज्जातंतू दाट असतात. ती हळूहळू आपोआप सुटते. काहींची तिसऱ्या वर्षी, काहींची पार वयात येताना.

जबरदस्तीने ओढल्यास बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि कातडीचे तोंड खरोखरच आवळते. मागे गेलेली कातडी तिथेच अडकून सूज आली तर तासाभराचीही वाट पाहू नका, दवाखाना गाठा. कातडीखाली दिसणारे पांढरे दाणे म्हणजे पू नव्हे, झडलेल्या पेशी. बाहेरून साधे पाणी पुरे. पावडर, डेटॉल नकोच. लघवीची धार अडणे, ताप, पू किंवा दुखणे असेल तर मात्र दाखवा. खऱ्या आवळपणातही डॉक्टर आधी बहुधा ४ ते ६ आठवडे स्टिरॉइड मलम देतात, लगेच सुंता नाही.

– एक बालरोगतज्ज्ञ, नागपूर