क्लेमझिगहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. तीन रविवार झाले, ओठांवर येऊन परत जातंय. एकदा आईच्या गुडघ्याचं निघालं, एकदा बाबांना ऐकूच येईना, आणि मागच्या वेळी ताईने मध्येच पापडांचा विषय काढला. म्हणून लिहितेय. ताई मोठ्याने वाचून दाखवेल, पण आधी दोघं जेवून घ्या.

आम्ही इथलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं, नागरिकत्व घेतलं. परवा शपथ झाली. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट आता जमा करावा लागेल. त्याच्याऐवजी ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं. मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाने आलेली चालते, बाबा. मी सगळ्यात आधी तेच विचारून घेतलं.

कराडच्या स्टँडवर मी "पाच वर्षं, मग परत" म्हणाले होते. अकरा झाली. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते गं आई. मग पिल्लू झाली, तिची शाळा सुरू झाली, जावईबापूंची नोकरी कायम झाली, घराचं कर्ज घेतलं. दरवेळी वाटायचं, एवढं मार्गी लावू आणि निघू. इथला पासपोर्ट असला की तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर व्हिसाची काळजी न करता महिनोन् महिने तिकडे राहता येईल, परतायचं दार बंद होणार नाही. हे कारण खरं आहे. एकमेव नाही, पण खरं आहे.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, या गावाला असलं नाव कुणी ठेवलं. तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. मूळ क्लेमझिग इथलं नाहीच. ते प्रशिया नावाच्या जुन्या जर्मन राज्यातलं एक खेडं. तिथल्या राजाने सगळ्या प्रॉटेस्टंटांसाठी एकच चर्च आणि एकच उपासनेची पोथी ठरवून दिली. या लोकांना आपली जुनी ल्यूथरची रीत सोडायची नव्हती. ऑगस्ट काव्हेल नावाचे त्यांचे पाद्री लंडनला गेले, जॉर्ज फाइफ अँगस नावाच्या सधन गृहस्थाकडून प्रवासाचं कर्ज मिळवलं, आणि 1838 च्या नोव्हेंबरात म्हातारीकोतारी, लेकरंबाळं घेऊन जहाजं इथे लागली. टॉरेन्स नदीच्या काठी अँगसचीच जमीन खंडाने घेतली, मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरं बांधली, भाजीपाला लावला, अ‍ॅडलेडच्या बाजारात विकला. गावाला नाव दिलं मागे सोडलेल्या गावाचंच. दक्षिण ऑस्ट्रेलियातली ही पहिली जर्मन वस्ती. आमचं घर त्या नदीपासून दहा मिनिटांवर आहे.

हे वाचताना मला सारखी कोयनेच्या धरणात गाव गेल्यावर वसवलेली आपली वसाहत दिसत होती. तुम्ही आठ वर्षांचे, ट्रकमध्ये जात्यावर बसून आलेला. नव्या गावाला जुन्याच गावाचं नाव. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी उतरलं की तुम्ही आम्हाला काठावर नेऊन देवळाचा चौथरा दाखवायचात. मला कधी तो दिसायचा नाही, तरी मी "हो, दिसला" म्हणायचे. आज कबूल करते.

नदीकाठची ही जमीन तरी कुठे मोकळी होती? इथे कौर्ना लोक राहायचे, नदीला करावीरा पारी म्हणायचे. त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र माझ्या पायांनी आले, आणि या गोष्टीत मी नक्की कुणाच्या जागी बसते ते मला अजून ठरवता येत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या. 1917 मध्ये इथल्या सरकारने ल्यूथरन शाळा बंद केल्या, जर्मन गावांची नावं बदलायचा कायदा केला. क्लेमझिगचं झालं गाझा, तिकडे पॅलेस्टाइनमध्ये लढाई झाली होती त्यावरून. 1935 साली जुनं नाव परत मिळालं. मूळचं खेडं दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये गेलं, आता त्याचं नाव क्लेम्पस्क आहे. म्हणजे तिकडून नाव गेलं आणि इकडे राहिलं. आज माझ्या कानावर इथे जर्मन कधी पडत नाही. टुमदार विटांची घरं, ओजी रोडवर गाड्यांची रांग आणि बसचं स्टेशन, बस्स.

त्या बसचं मात्र तुम्हाला आवडेल. ओ-बान म्हणतात तिला. 1986 पासून आहे. काँक्रीटचे दोन रूळ, आणि बसच्या पुढच्या चाकांजवळ छोटी आडवी चाकं. ती रुळाच्या काठाला घासून बस आपोआप वळवतात. रुळावर असेपर्यंत ड्रायव्हरला स्टिअरिंग फिरवावंच लागत नाही. हेही तंत्र जर्मनांचंच! तुम्ही म्हणाल, मग त्याला पगार कशाचा देतात. कुंभार्ली घाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाने येऊन एकदा बघावंच. आणि आमच्या पुढचं स्टेशन कुठलं माहितीये? पॅरडाइज. आई, तिकिटाच्या पैशात थेट स्वर्ग.

तर आता खोली. खालचीच दिली आहे तुम्हाला, जिना नाही. सकाळचं ऊन पलंगावर येतं. बाथरूममध्ये दोन बाजूंना धरायला दांड्या बसवून घेतल्यात, खाली घसरत नाही असली फरशी. चहाचं आधण ठेवायला तुझं तेच ठोक्याचं पातेलं आहे, मी मागच्या वेळी उचलून आणलेलं. कढीपत्ता कुंडीत धरलाय. दूध घट्ट मिळतं, साय येत नाही, त्याला इलाज नाही. देवांसाठी पूर्वेची भिंत मोकळी ठेवली आहे. कायमचं या असं म्हणत नाही. तुम्ही नाही म्हणाल आणि मग मला वाईट वाटेल, म्हणून म्हणतच नाही. इथली थंडी संपली की या, दिवाळीनंतर. तीन महिने. नाही करमलं तर मी स्वतः आणून सोडेन.

पडसं झालं की आई माझ्या छातीला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लावायचीस. परवा पिल्लूला लावली. तिला वास आवडला नाही. मी मात्र ती पुरचुंडी उशीखाली घेऊन झोपले.

आता नीट ऐका. बाथरूममध्ये दांडी बसवून घ्या, या आठवड्यात. पैसे ताईकडे दिलेत. त्या दिवशी बादली धरून वाचलीस, दरवेळी बादली जागेवर नसेल. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. बाबा, स्कूटर विका. विकवत नसेल तर किल्ली ताईकडे द्या. आणि कानाचं मशीन कपाटात शालीखाली ठेवलंय ते मला माहीत आहे. शिट्टी वाजते म्हणता ना, ते कानात नीट बसलं नाही की होतं, दुकानात नेऊन बसवून घ्या. इंजिनाच्या बाजूचा कान गेलाय, दुसरा अजून चांगला आहे. रागावून नाही बोलत हो. जरा रागावूनच बोलतेय.

पिल्लूच्या शाळेत ऐकू न येणारी मुलंही शिकतात, म्हणून सगळ्याच मुलांना ऑस्लॅन शिकवतात, म्हणजे इथली खुणांची भाषा. ती परवा म्हणाली, आजोबांना फोनवर ऐकू येत नाही तर मी हाताने बोलीन. आईसाठी शाळेतली खूण आहे, आजोबांसाठी तिने स्वतःच एक काढली: दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग धरायचं आणि घाटासारखं गरकन वळवायचं. मराठी मोडकी बोलते ती, मला कळतं. पण ही खूण अगदी बरोबर करते. जर्मन पोरांच्या शाळा बंद केल्या होत्या त्याच मुलखात हे चाललंय.

चुकलं असेल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
ठमी

ता. क. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात. आता चार तासांचा फरक आहे, तेव्हापासून पाच होईल. म्हणून तुमच्या दुपारी दोनला फोन करू, वामकुक्षी आधी उरकून घ्या. पडद्यावर पिल्लू आधी स्टिअरिंग फिरवेल. बाबा, तुम्ही हॉर्न वाजवा.