झेन्याटा: शेवटून पहिली

पुणे,
१४ जुलै

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियममधला फोटो मिळाला. खाली तू लिहिलंयस, 'एवढी जागा शहराच्या मधोमध मोकळी कशी मिळाली यांना?' अरे, मोकळी नव्हती ती! तिथे हॉलिवूड पार्क नावाचं रेसकोर्स होतं. १९३८ पासून त्या जागेवर घोडे पळत होते. २२ डिसेंबर २०१३ ला शेवटच्या शर्यती झाल्या आणि मग सगळं पाडलं. तू मॅच बघत बसला होतास, त्याच आवारात कुठेतरी ५५ नंबरचा तबेला होता आणि त्यात झेन्याटा नावाची घोडी राहत होती. हे नाव तू ऐकलं नसशील, कारण तू देश सोडलास आणि त्याबरोबर रेसचा नादही सोडलास. म्हणून म्हटलं, फोनवर दोन ओळी टाकून भागायचं नाही, सविस्तर लिहावं.

पावसाळ्यात आपण इथल्या रेसकोर्सवर जायचो तेव्हा तुझा पैसा कायम गेटमधून सुसाट सुटणाऱ्या घोड्यावर असायचा. मागून येणाऱ्या घोड्यावर तुझा भरवसाच नव्हता. 'शेवटी पोचेल कशावरून?' हे तुझं ठरलेलं वाक्य. झेन्याटा आयुष्यभर मागूनच आली. वीस शर्यती पळाली, त्यातल्या एकोणीस ओळीनं जिंकली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवातीला सगळ्यांच्या मागे.

१ एप्रिल २००४ चा तिचा जन्म, केंटकीतला. बाप स्ट्रीट क्राय (पुढे ऑस्ट्रेलियातल्या विंक्स या नामांकित घोडीचाही बाप हाच). २००५ च्या सप्टेंबरात कीनलँडच्या घोड्यांच्या लिलावात उभी केली तेव्हा तिच्या कातडीवर गजकर्णाचे चट्टे होते. असं जनावर बघून गिऱ्हाईक पुढच्या जनावराकडे वळतं. जेरी आणि अ‍ॅन मॉस यांच्यासाठी ती साठ हजार डॉलरला घेतली गेली. त्या लिलावात लाखो डॉलरच्या बोली लागतात, तेव्हा हा भाव किरकोळच. मॉस म्हणजे ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीचा सहसंस्थापक. 'द पोलिस' हा बँड त्याच्याच कंपनीचा, आणि घोडीचं नाव त्यांच्या १९८० च्या अल्बमवरून ठेवलेलं.

ट्रेनर जॉन शिरेफ्स. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. घोडी अवाढव्य होत गेली, खांद्यापाशी १७.२ हात, म्हणजे सतरा हात दोन इंच (घोड्याचा 'हात' चार इंचांचा), एकूण पाच फूट दहा इंच. तुझ्यापेक्षा उंच, तेही मान सोडून. असं शरीर भरायला आणि सांधे पक्के व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत दोन वर्षांच्या घोड्याला पळवायची घाई, तिसऱ्या वर्षी मे महिन्यात केंटकी डर्बी. शिरेफ्सनं यातलं काही केलं नाही. २२ नोव्हेंबर २००७ ला, तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा, त्यानं तिला पहिल्यांदा पळवलं, तुझ्या त्या स्टेडियमच्या जागेवर. मालकानं तगादा लावला नाही, हेही मोठंच. आपल्याकडे किती चांगली जनावरं घाईनं लंगडी झालेली आपण बघितली, आठवतंय ना?

तिचा नाच तू बघायलाच हवास. पॅडॉकमधून, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारातून, धावपट्टीकडे निघाली की सरळ चालायचीच नाही. मान कमानीसारखी वळवायची, पुढचा एक पाय गुडघ्यातून वर उचलून लांबवर झोकायचा, क्षणभर तसाच धरायचा आणि मग खूर जमिनीवर आपटायचा. मग दुसरा पाय. मारियो एस्पिनोझा हा तिचा मोतद्दार, तो दोरी सैल धरून तिच्या तालानं चालायचा. चेव आलेला घोडा घामानं भिजतो, डोळे फिरवतो, तोंडाला फेस येतो. हिचं तसं काहीच नसायचं. कान टवकारलेले, नजर लोकांवर. लोक पैसे लावायच्या खिडक्या सोडून कठड्याशी येऊन उभे राहायचे. शिरेफ्स तिला गिनेस बीअर पाजायचा, हे तर तिकडे पोराटोरांना ठाऊक होतं.

आता मागून येण्याबद्दल. तुला वाटेल ती आळशी होती. तसं नव्हतं. एवढं धूड गेटमधून सुटून वेगात यायलाच वेळ घेतं. तोपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असतात. पण एकदा टाप जुळली की तिचं एकेक पाऊल इतरांपेक्षा लांब पडायचं आणि शेवटच्या वळणावर बाकीच्यांचा दम संपत आलेला असताना हिचा वेग वाढतच राहायचा. यात जॉकीची कसोटी लागते. पहिल्या तीन शर्यती डेव्हिड फ्लोरेस बसला, चौथीपासून माइक स्मिथ. हातात लगाम धरून, पुढे दहा घोडे बघत थांबायचं, कुणाच्या मागे कोंडी होणार नाही याचा अंदाज घ्यायचा, आणि तिला चाबकाची सवय लावायची नाही. डेल मारच्या रेसकोर्सवर २००९ मध्ये पुढच्यांनी मुद्दाम संथ चाल ठेवली. त्यामुळे ते थकलेच नाहीत आणि स्मिथनंही उशीर केला. जेमतेम एका डोक्याच्या अंतरानं निभावलं. जिंकली खरी, पण हा धोका प्रत्येक शर्यतीत होताच.

कौतुक झालं तसा आक्षेपही होता, आणि तो वेडगळ नव्हता. आपल्याकडे गवतावर पळतात, तिकडे मोठ्या शर्यती मातीवर. कॅलिफोर्नियात मात्र घोड्यांचे पाय मोडायचं प्रमाण कमी व्हावं म्हणून मोठ्या रेसकोर्सवरची माती काढून मेण लावलेली रेती आणि धागे यांची कृत्रिम धावपट्टी घातली होती. झेन्याटाच्या एकोणीसपैकी सतरा विजय त्या पट्टीवरचे. पूर्वेकडचे लोक म्हणायचे, घरच्या अंगणात, माद्यांच्या शर्यतीत, मेणाच्या रेतीवर कोणीही राणी होईल. आर्कान्सॉमधल्या ओकलॉन रेसकोर्सवर ती दोनदा मातीवर पळून जिंकली होती, पण तिथेही समोर घोड्याच नव्हत्या का, असं पुन्हा विचारायचे. हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात त्या शर्यतींत, तिच्या पाठीवर १२९ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावन्न किलो, लादले, तरी हॉलिवूड पार्कची व्हॅनिटी ही शर्यत तिनं लागोपाठ तीन वर्षं मारली. त्यातल्या तिसऱ्या विजयानं ती सिटेशन आणि सिगार या नामांकित घोड्यांच्या सलग सोळा विजयांच्या पुढे गेली.

७ नोव्हेंबर २००९. सँटा अनीटा रेसकोर्स, ब्रीडर्स कप क्लासिक ही तिकडची वर्षअखेरची मोठी शर्यत, २००० मीटर. पहिल्यांदाच ती नरांविरुद्ध. त्या वर्षीचा केंटकी डर्बीचा विजेता होता, बेलमाँटचा होता, युरोपातले होते. क्वालिटी रोड नावाचा घोडा गेटमध्ये शिरेचना. डोळ्यांवर पट्टी बांधली, मागून ढकललं, त्यानं लाथा झाडल्या. शेवटी त्याला शर्यतीतून काढलं. तोवर बाकीच्यांना ताटकळावं लागलं. गेट उघडलं आणि ही नेहमीसारखी शेवटी. शेवटच्या वळणावर स्मिथनं तिला आतल्या कठड्याला धरून आणलं, समोर घोड्यांची भिंत. सरळ पट्ट्याला लागताच बाहेर काढली आणि मग, सुधीर, मी शब्द शोधत बसत नाही, तू बघच. जिओ पाँटी या घोड्याला तिनं लेंग्थभर, म्हणजे घोड्याच्या अंगाएवढ्या लांबीनं, मागे टाकलं. क्लासिक जिंकणारी ती पहिली मादी, आणि अजूनही एकटीच.

तरीही त्या वर्षीचा 'हॉर्स ऑफ द इयर' किताब रेचल अलेक्झांड्रा या घोडीला गेला. ती तीन वर्षांची, पण प्रीकनेसपासून वुडवर्डपर्यंतच्या मोठ्या शर्यतींत तिनं नरांना धूळ चारली होती. मला त्यात अन्याय वाटत नाही. दोघी कधी समोरासमोर आल्या नाहीत, याची मात्र हळहळ आहे. २०१० च्या एप्रिलमधल्या आपल्या शर्यतीला ओकलॉननं पन्नास लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, दोघी पळाल्या तरच. मार्चमध्ये रेचल एक शर्यत हरली आणि तिच्या लोकांनी माघार घेतली.

२००९ नंतर निवृत्त करायचं ठरलेलं असताना मॉस दांपत्यानं जानेवारीत निर्णय फिरवला आणि झेन्याटाला आणखी एक वर्ष पळवलं. इथे मला त्यांच्याबद्दल थोडी तक्रार आहे. त्या उन्हाळ्यात तिला न्यूयॉर्ककडच्या साराटोगा रेसकोर्सवर न्यायला हवं होतं. तिथे मातीवर, नरांविरुद्ध एक शर्यत पळवली असती, तर नोव्हेंबरमध्ये तिला तोंडावर येणाऱ्या मातीची सवय झाली असती. ते घरातच राहिले, त्याच त्या माद्यांविरुद्ध. जपलं, हे खरं. पण जरा जास्तच जपलं.

आता केंटकीतलं चर्चिल डाउन्स, ६ नोव्हेंबर २०१०, पुन्हा ब्रीडर्स कप क्लासिक. मी ती शर्यत इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटले तरी दिसते. संध्याकाळ होऊन दिवे लागलेले. मातीवर पळताना पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेली ढेकळं मागच्याच्या तोंडावर आदळतात. जॉकी एकावर एक गॉगल चढवून बसतात आणि माखला की एकेक खाली ओढतात. घोड्याला कुठले गॉगल! पहिल्यांदा स्टँडसमोरून जाताना झेन्याटा इतकी मागे होती, की कॅमेऱ्याच्या चौकटीत बाकी सगळे, आणि ही बराच वेळ दिसेचना. पाय बसत नव्हते. मागच्या सरळीवर तिला लय सापडली. वळणावर ती एकेकाला गाठू लागली, मधे वाट मिळेना, स्मिथला तिला आडवी बाहेर काढावी लागली. तेवढ्यात ब्लेम नावाचा घोडा पुढे सुटला होता. ब्लेमही काही सोमागोमा नव्हता. या मैदानावर त्यानं मोठ्या शर्यती मारल्या होत्या, आणि त्या दिवशी गॅरेट गोमेझ या जॉकीनं त्याला अगदी वेळेवर काढला. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती प्रत्येक पावलाला अंतर खात होती. लेंग्थ, अर्धी, मान. शेवटचा खांब आला तेव्हा ब्लेम एका डोक्यानं पुढे. आणखी थोडी जमीन असती, तर ती गेलीच होती.

पत्रकारांसमोर माइक स्मिथ ढसाढसा रडला. दोष माझा, असं म्हणाला. त्याचा प्रामाणिकपणा मला हलवून गेला, पण त्याचं म्हणणं मी मान्य करत नाही. सुरुवातीला तिला ढोसून पुढे काढली असती, तर शेवटची ती धाव तिच्या अंगात उरली नसती. ज्या सवयीमुळे एकोणीस जिंकली, त्याच सवयीनं ही गेली. त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

आणि म्हणूनच मी म्हणतो, तिची सगळ्यात मोठी शर्यत हीच. त्या पूर्वेकडच्यांना जे उत्तर हवं होतं, ते त्या संध्याकाळी मिळालं. परकी माती, तोंडावर ढेकळं, वर्षभरातले उत्तम नर, आणि सगळ्यांच्या कितीतरी मागून येऊन एक सोडून सगळ्यांना तिनं गाठलं. आदल्या दोन वर्षी हुकलेला 'हॉर्स ऑफ द इयर' त्या हरलेल्या वर्षीच तिला मिळाला. ब्लेमनं तिला हरवलं होतं तरीही. अनेकांनी नाकं मुरडली, मला योग्यच वाटलं.

एकूण कमाई ७३,०४,५८० डॉलर, ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींतले, विजय तेरा. नंतर केंटकीत लेन्स एंड या घोड्यांच्या पैदास केंद्रावर गेली. आईपण तिला सोपं गेलं नाही. पहिली दोन शिंगरं, कॉझ्मिक वन आणि झिकॉनिक, धावपट्टीवर चमकली नाहीत, आणि पुढची काही लहानपणीच दगावली. साठ हजारांच्या घोडीकडून लोकांनी आणखी एक झेन्याटा मागावी, हे मला पटत नाही. जेरी मॉस २०२३ मध्ये गेला.

तुला एक काम सांगतो. हॉलिवूड पार्क गेलं, पण सँटा अनीटा तुझ्यापासून फार लांब नाही. सकाळी लवकर जा. क्लॉकर्स कॉर्नर नावाची जागा आहे, तिथे नाश्ता करत घोड्यांचा सराव बघता येतो, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर. मुलीलाही ने, तिला आवडेल. तिथे झेन्याटाचा पुतळा आहे, त्याचा फोटो पाठव. आणि जाण्यापूर्वी २०१० ची शर्यत आधी बघ, २००९ ची नंतर. मग मला सांग, स्मिथनं तिला वळणाआधीच बाहेर काढायला हवी होती का? माझं मत वर लिहिलंच आहे, पण तू पुढे पळणाऱ्यांचा माणूस, तुला वेगळं दिसेल. लांबलचक उत्तर लिही.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश