शाळेला टाळं, पण जेवण चालू

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण कोरोनात शाळा बंद असताना पोरांचं जेवण चालू ठेवायचं तुमचं काम कुठल्या अहवालात धड दिसणार नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हा पालकांच्या तोंडी अभ्यास, मोबाईल, परीक्षा एवढंच. पोरांच्या दुपारच्या जेवणाचं काय, हे पहिल्यांदा विचारलंत ते तुम्ही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा आकडा नंतर वाचला: त्या एप्रिलमध्ये जगभरात सुमारे ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण तुटलं होतं.

आपल्याकडे धान्याचं अडलं नव्हतं. शिजवायचं किती ते हजेरीवरून ठरायचं. शाळाच नाही तर हजेरी शून्य, म्हणून जेवणही शून्य! हिशोब कसा बिनचूक. तुम्ही म्हणालात, "पटावर नाव आहे ना? मग त्याचा वाटा आहे." मुख्याध्यापकांपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना तुम्ही हेच ऐकवलंत, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

मग कोरडा शिधा सुरू झाला. इयत्तेप्रमाणे वेळा, उभं राहायला चुन्याचे गोल, भावंडांच्या पिशव्या एकत्र, म्हणजे घरटी एकच खेप. मुलाला सोबत आणायची सक्ती नाही. विलगीकरणातल्या घरी पिशवी दारात ठेवायची, कडी वाजवायची आणि मागे सरकायचं. शिध्याची उणी बाजूही तुम्हीच बोलून दाखवलीत: शिजवायला इंधन लागतं, आणि घरात आलेलं धान्य सगळ्यांत वाटलं जातं, मुलाच्या ताटात कमीच येतं. म्हणून जिथे चूल पेटणं अवघड होतं तिथे तुम्ही शिजवलेलं जेवणच पोचवलंत. पिशवीवर घरच्या कर्त्याचं नाव न घालता मुलाचं नाव आणि इयत्ता ठळक लिहायचात. माझी धाकटी ते नाव वाचून पिशवीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

एकदा फोटो काढायला कुणी आलं, तर "आधी वाटप होऊ द्या" म्हणून त्यांना फाटकाबाहेर थांबवलंत. (फोटोसाठी हात पुढे करायचा असता तर आमच्यातले कितीतरी जण फिरकलेच नसते.)

आता एक काम आहे. यापुढे साथीमुळे शाळा बंद करायचा हुकूम निघाला, तर जेवण कसं पोचवायचं तेही त्याच हुकमात लिहिलेलं असावं, असा अर्ज आम्ही पालक करतो आहोत. त्याला तुमच्या वाटपाच्या वहीची नक्कल जोडायची आहे. सोमवारी घ्यायला येते.

तुमची,
एक पालक