मराठीच्या तासाला मुले मराठी बोलतात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, तो न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. तेव्हापासून मुंबईत शाळेतल्या मराठीची चर्चा निघाली की ती कोणती शाळा मराठी शिकवते आणि कोणती टाळते, एवढ्यावरच थांबते. मी गेली २१ वर्षे पूर्व उपनगरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवते आहे. जिथे मराठी नेमाने शिकवली जाते, तिथे तरी मुले तासाला मराठी बोलतात का, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

साधा हिशेब मांडून पाहावा. तास ३५ मिनिटांचा आणि वर्गात ४८ मुले. शिक्षकाने स्वतः एक शब्दही न उच्चारता प्रत्येकाला बोलते केले, तरी एकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. प्रत्यक्षात ठरलेले पाच-सहा हात वर होतात आणि बाकीची मुले फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवून घेतात. त्याच वर्गाचे चार-चार जणांचे बारा गट केले आणि सूचना, बाकांची हलवाहलव व शेवटची उजळणी यांत १५ मिनिटे गेली असे धरले, तरी उरलेल्या वेळात प्रत्येकाला पाच मिनिटे बोलता येते. ज्यांच्या घरी भोजपुरी, तमिळ किंवा गुजराती बोलली जाते, त्यांच्यापैकी कित्येकांचे दिवसभरातले मराठी बोलणे बहुधा तेवढेच असते.

मात्र बाके जवळ ओढली म्हणजे गटकार्य झाले, असे नव्हे. माझी सुरुवातीची काही वर्षे याच गैरसमजात गेली. टाचणात, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, ‘गटकार्य’ असे लिहायचे आणि प्रत्येक गटाला एक चार्टपेपर द्यायचा. मग गटातली हुशार मुलगी सगळे लिहून काढी, चांगल्या अक्षराचा मुलगा शीर्षक रंगवी आणि उरलेले दोघे गप्पा मारीत, त्याही हिंदीत. एका शाळेत तर गोंगाटामुळे शेजारचे वर्ग बिघडतात म्हणून असा तास पुन्हा घेऊ नये, अशी लेखी समज मला देण्यात आली. त्या वेळी मला फार वाईट वाटले. मुले बोलणार म्हणजे आवाज होणारच, त्यामुळे तो आक्षेप मला आजही मान्य नाही. पण त्या तासांत बहुतेक मुले काही शिकत नव्हती, हे मात्र खरे होते.

चूक कामाच्या वाटणीत होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात एक पद्धत वापरली. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गांत तणाव होता. त्यांनी पाठाचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. सारखा तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात, नंतर आपापल्या गटात परतून इतरांना सांगतात. चाचणी मात्र ज्याची त्याने आणि पूर्ण पाठावर द्यायची असते. म्हणजे दुसऱ्याचे ऐकल्यावाचून कोणाचेच भागत नाही आणि दुसऱ्याच्या आडही कोणाला लपता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गात मी कोळ्यांच्या होडीवरचा एक उतारा असाच वाटून दिला. भरती-ओहोटीचा तुकडा एका गटात तेलुगू बोलणाऱ्या घरातील, वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलीकडे आला. नेहमी सर्वांत आधी हात वर करणारा मुलगा तिला विचारत होता, ‘पाणी मागे जातं, त्याला काय म्हणतात? सांग ना, मला लागणार आहे ते.’ तिने आधी हातानेच दाखवले, मग ‘ओहोटी’ म्हणाली आणि थांबत थांबत पुढे बोलली, ‘पाणी मागे गेला. होडी वाळूवर बसली.’ शेजारची म्हणाली, ‘पाणी गेला नाही, पाणी गेलं.’ तिथून ‘तो शीड’ की ‘ते शीड’, असा वाद सुरू झाला. वल्हे, जाळे, सुकाणू सगळी ‘ते’ निघाली, नांगर तेवढा ‘तो’ ठरला. हिंदीत नपुंसकलिंगच नसल्यामुळे मुंबईची मुले नेमकी इथे अडखळतात. फळ्यावर लिंगांचा तक्ता काढून जे माझ्याच्याने वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते त्या चौघांनी आपसात भांडून मिळवले.

हे सगळे मुलांना करायला सांगणारे आम्ही शिक्षक स्वतः मात्र एकेकटे काम करतो. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना एकच पाठ शिकवणाऱ्या दोघी जणी दोन वेगळी टाचणे काढतात, दोघीही वेगवेगळे उतारे शोधत बसतात आणि बोलायला म्हणून एखादा ऑफ तास मिळालाच तर तिथे प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जाण्याची पाळी, लागते. दुसऱ्याचा तास पाहिला जातो तो पाठनिरीक्षणापुरता आणि तेव्हा पाहणाऱ्याच्या हातात शिक्षकाचे गुणदोष भरायचा तक्ता असतो. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर काय दिसले यावर बोलतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या सहकारी बाईंनी आणि मी हे आमच्यापुरते करून पाहिले. त्या माझ्या तासाला एकाच गटाजवळ बसून राहिल्या. ज्या मुलाला मी ढिला समजत होते, तो बोलायची पाळी येण्याआधी आपला तुकडा तीनदा पुटपुटत वाचत होता, हे मला त्यांच्याकडून कळले. पुढच्या आठवड्यापासून आम्ही दोघींनी चर्चेच्या आधी दोन मिनिटे मूकवाचनाला ठेवली आणि तो मुलगा बोलू लागला.

पोर्शन पूर्ण होणार नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून आठवड्यातला एकच तास असा घ्यावा. ‘दुसऱ्यामुळे माझ्या मुलाचे गुण गेले’ ही पालकांची तक्रारही रास्त आहे, आणि म्हणूनच गटाला गुण देऊ नयेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे. हे तास सभागृहातील व्याख्यानांत आणि ऑनलाइन चित्रफितींत संपवण्याऐवजी त्यांतला मोठा वाटा शिक्षकांच्या अशा एकत्र कामासाठी शाळेच्या वेळापत्रकातच द्यावा, अशी माझी शिक्षण विभागाला आणि मुंबई महापालिकेला कळकळीची विनंती आहे. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात; एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांचे शिक्षक एकच जिना चढतात, पण भाषा कशी शिकवावी यावर त्यांनी एकत्र बोलावे अशी वेळ कुठेच राखलेली नसते. जूनमध्ये वेळापत्रके लागतील तेव्हा भाषाशिक्षकांसाठी आठवड्याला एक सामाईक तास त्यांत लिहिला जावा, आणि त्या तासाला कोणालाही प्रॉक्सी लावू नये.

– एक मराठी शिक्षिका, भांडुप, मुंबई