चिनूबद्दल, तुम्ही येण्याआधी

कांदिवली, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कोकणकन्येची तिकिटं काढली, दोन्ही बर्थ खालचे. संडासात धरायला दांडा बसवलाय. आईची खाट खिडकीपाशी आहे, गुडघ्यांना चढ-उतार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती ठरली आहे. चिनू स्वतःला मुलगाही मानत नाही आणि मुलगीही नाही, म्हणून यापुढे घरात चिनूला ‘तो’ही म्हणायचं नाही आणि ‘ती’ही नाही. गाणी बंद करणार नाही. आई, गाणेवाल्यांनी पोर बिघडवलं असं तुला वाटतं. काळजीपोटीच वाटतं, ठाऊक आहे मला. पण गाण्याने कोणी बदलत नाही. चिनू ऐकतं ती इंग्रजी गाणी गाणाऱ्या सॅम स्मिथने सप्टेंबर 2019 मध्ये जाहीर सांगितलं की मला पुरुष किंवा बाई धरून बोलू नका. वर्षानुवर्षं कानात असलेला आवाज असं सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला तो परका वाटत नाही. ज्याच्याकडे स्वतःसाठी शब्दच नव्हता, त्याला शब्द मिळतो. चिनू गप्प बसायचं ना, त्याची मला जास्त भीती वाटायची.

बाबा, तुमच्या रेकॉर्डवर ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी गाते, ते बालगंधर्वच ना? 1916 चं नाटक. त्यांची नेसण बायकांनी उचलली, पण पडदा पडला की ते नारायणराव. टाळ्या भूमिकेला होत्या, म्हणून सिग्नलवरच्या तृतीयपंथीयांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाने 1972 मध्ये रंगवलेला झिगी हीसुद्धा भूमिकाच. सॅम स्मिथचं तसं नाही. ही गल्लत झाली की लोक म्हणतात, फॅशन आहे, जाईल. मुंबईत 2016 साली सहा तृतीयपंथी गायकांचा ‘सिक्स पॅक बँड’ आला, तो सोंग म्हणून नव्हे, स्वतःची ओळख घेऊन. तरी तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2014 चा, गाणं त्याच्या मागून आलं. गाण्याने कान तयार होतात. शाळेचा फॉर्म आणि लोकलचा डबा तेवढ्याने बदलत नाही.

आता बोलायचं कसं, ते नीट वाचा. अडचण ‘आलास-आलीस’, ‘जातोस-जातेस’ इथेच येते. ‘जेवलास का’ऐवजी ‘जेवण झालं का’ म्हणा. ‘कुठे जातोस’ऐवजी ‘कुठे निघायचंय’. ‘पोहे खाल्लेस का’, ‘काय वाचलंस’, ‘कधी येशील’ यांत मुलगा-मुलगी येतच नाही, खुशाल बोला. चुकलं तर एकदा सुधारा आणि पुढे चला, माफी मागत बसू नका, त्याने चिनूलाच अवघडल्यासारखं होतं. पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही, शेजारच्या काकूंनी विचारलं तरी.

आई, तुला हे जड जाणार नाही. माझ्या मागे ‘ता चेडू खंय गेला’ म्हणत तूच परसात फिरायचीस. ‘ता’च म्हणायचीस मला. नातवंड, लेकरू, सगळे तुझेच शब्द.

बाबा, साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ठाण्याला उतरा, पहाटे मी असेन. आणि रुक्मिणीची रेकॉर्ड लुगड्याच्या घडीत गुंडाळून आणा, लाखेची आहे, तडकते. प्लेअर दुरुस्त करून ठेवलाय. चिनूला ऐकायची आहे.

तुमची,
बाय