मेगॅलोडॉनच्या नावाखाली दुसऱ्याच शार्कचा जोडलेला दात

प्रति,
मा. व्यवस्थापक, तक्रार विभाग

विषय : मेगॅलोडॉनचा, म्हणजे नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा, म्हणून प्रयोगशाळेसाठी मागवलेला जीवाश्म दात परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत.

तुमच्या हेल्पलाइनवरचा पाचवा फोन आत्ताच संपला, म्हणून आता लेखी देत आहे.

कॅटलॉगात छापले आहे : 'अस्सल मेगॅलोडॉन, एकसंध, कुठेही जोड नाही.' हातात आलेल्या ९ सेंटिमीटरच्या दाताच्या पात्याला दोन्ही बाजूंनी, मुळालगत, एकेक जाड उपसुळका (बाजूचे छोटे टोक) आहे. पूर्ण वाढलेल्या मेगॅलोडॉनच्या दाताला तो नसतो. मेगॅलोडॉनच्या धारेला बारीक करवत असते, नख फिरवले की अडते. इथे ते सरळ घसरते. हा ओटोडस ऑब्लिक्वस आहे, मेगॅलोडॉनच्याच घराण्यातला, पण त्याच्या खूप आधीचा शार्क. मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींत असे दात भरपूर निघतात, पण मूळ शाबूत असलेले कमी. म्हणून एकाचे पाते दुसऱ्याच्या मुळावर चिकटवतात आणि फट वाळू-गोंदाने लिंपतात. तुम्ही पाठवलेला दात असाच आहे. यूव्ही टॉर्च मारला की पाते आणि मूळ यांच्यामध्ये निळसर पांढरा पट्टा चमकतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस तिथे घासला तर चिकट तपकिरी लगदा सुटतो. तापवलेली सुई टेकवली की प्लॅस्टिक जळाल्याचा वास येतो. दगड झालेल्या दाताला तो येत नाही.

हे सगळे तुमच्या प्रतिनिधीला सांगितले. तो म्हणाला, "सर, जळगाव म्हणजे केळी ना? तिकडे समुद्रच नाही, शार्कचा दात तुम्ही कसा ओळखणार?" मी पुन्हा धार आणि उपसुळके सांगितले. त्यावर, "इतका जुना दात म्हटल्यावर जोड असायचाच." मग कॅटलॉगात 'जोड नाही' कशाला छापले, असे विचारले, तर फोन होल्डवर टाकला आणि अकरा मिनिटांनी कापला. खान्देशात काळा बेसाल्ट आहे, लाव्हाचा दगड. त्यात शार्क सापडणार नाही हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच तर पैसे मोजून दात मागवला. दात ओळखायला समुद्र लागत नाही, नख आणि भिंग लागते.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो क्वचितच टिकतो. मागे राहतात ते मुख्यतः दात. त्यातही खोटे केले तर मुलांना दाखवायला उरले काय? याच घराण्यात सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी धार गुळगुळीत होती आणि उपसुळके मोठे होते. पुढे धारेला करवत आली, उपसुळके गेले आणि शेवटी मेगॅलोडॉन आला. तुमच्या लेबलाने हा क्रमच उलटा केला. वर जोड नाही म्हणून छापलेत, आणि जोड आहे.

तुमच्याकडून याआधी घेतलेले अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखांचे जीवाश्म) उत्तम होते, म्हणून जास्त वाईट वाटते.

१५ दिवसांत ८,५०० रुपये परत करा आणि परतीच्या कुरिअरचा खर्च द्या. न केल्यास जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार दाखल होईल. यूव्हीखालचे फोटो सोबत जोडले आहेत. दात तुमची माणसे नेईपर्यंत आमच्या कपाटात राहील, मेगॅलोडॉनचे लेबल काढून.

आपला,
विज्ञान शिक्षक, जळगाव