पॅनेलवर खडूनं लिहिलेले दोन शब्द

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

परवा कारखान्यात उसाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली आणि काल दुपारी वाफेवर वीज करणारं आपलं टर्बाइन थांबवलं. हात मोकळे झाल्यावर पहिलं काम हे पत्राचं. टर्बाइन दुरुस्त करून तुम्ही निघालात त्या सकाळी सगळे गाळपाच्या गडबडीत होते, फाटकापर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून पॉवर हाऊसच्या तिन्ही पाळ्यांच्या वतीनं चारचौघांत आभार मानतोय.

आधी त्या तारेबद्दल. तुमच्याआधी दोनदा माणसं बोलावली होती. टर्बाइन विनाकारण ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं, एवढीच तक्रार होती. पहिल्यानं व्हायब्रेशनचं मीटर लावलं, आकडा टिपला आणि “चालतंय ना, मग चालू द्या” म्हणून निघून गेला. दुसऱ्यानं ट्रिपचा लॅच, म्हणजे टर्बाइन पाडणारा खटका, सुटू नये म्हणून बाइंडिंग वायरचे तीन वेढे मारले, तक्रार मिटल्याचं लिहून सही घेतली आणि बिल दिलं. दगा म्हणतात तो हाच. ज्याला काही कळत नाही त्यानं असं केलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. त्याला सगळं कळत होतं.

तुम्ही ती तार पाहिलीत, काही बोलला नाहीत. पक्कड मागितलीत, तार तोडलीत आणि लॅच खोलून धारेवरून नख फिरवून दाखवलंत. जिथं कोर हवी तिथं गोलाई आली होती. गिअरबॉक्सच्या थरथरीनं ती कोर निसटायची आणि वाफ तोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह बंद व्हायचा. ट्रिपचा दोष नव्हताच, दोष पाव इंचाच्या झिजलेल्या धारेचा होता. नवा तुकडा करून घेतलात, कडक करून, तेलदगडावर घासून, निळा रंग लावून तो पूर्ण रुंदीला टेकतोय का ते पाहिलंत. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यासाठी दोन हंगाम आम्ही मरणाच्या शेजारी बसून पाळ्या केल्या.

मरण हा शब्द मोठा नाही. आपला सेट तीन मेगावॉटचा, टर्बाइन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर, गिअरबॉक्समधून वीज करणारा अल्टरनेटर दीड हजारावर. ब्रेकर पडला की तीन मेगावॉटचा भार डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातो, पण वाफ आत येतच असते. त्या क्षणी वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरनं व्हॉल्व्ह मिटला पाहिजे. व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर क्षार बसून तो जाम झाला असेल तर फेऱ्या चढत जातात. रोटरवरचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा आणि त्याच्या डिस्कवरचा, ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो: दहा टक्के वेग वाढला तर ताण एकवीस टक्के, वीस टक्के वाढला तर चव्वेचाळीस. म्हणून 7,700 च्या आत ओव्हरस्पीडची पिन बाहेर उडायला हवी, तिनं लॅच पाडायला हवा आणि स्टॉप व्हॉल्व्ह आपटून बंद व्हायला हवा. त्यापुढे दुसरी सोय नाही. त्यानंतर डिस्क फुटते आणि तिचे तुकडे केसिंग फोडून बाहेर येतात. ती तार नेमकी त्या शेवटच्या सोयीला बांधलेली होती.

ओव्हरस्पीडची चाचणी तुम्ही घेतलीत तशी यापुढे दर हंगामाला होणार. अल्टरनेटरचं कपलिंग सोडून, तेल गरम झाल्यावर, पॅनेलच्या टॅकोमीटरवर भरवसा न ठेवता दुसरा हातातला टॅकोमीटर लावून. आधी कमी वेगावर हातानं ट्रिप करून स्टॉप व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का ते पाहायचं, मगच वेग चढवायचा. एक माणूस हँड ट्रिपवर हात ठेवून उभा, त्याला दुसरं काम नाही, मीटर वाचायचं नाही, बोलायचं नाही. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर जातोय असं दिसलं की त्यानं पाडायचं. तीनदा करायचं. पहिल्या वेळी पिन किती फेऱ्यांवर उडाली त्या आकड्यावर तुम्ही एवढा भर का दिलात ते आता उमजलं. ऑफ सीझनभर पिन तशीच पडून असते, जुनं तेल चिकट होऊन तिला धरून ठेवतं. पहिल्या वेळी ती उशिरा उडाली आणि नंतरच्या दोन वेळा बरोबर उडाली, तर खरी बातमी पहिल्या आकड्यात असते. प्रत्यक्षात प्रसंग येईल तेव्हा पिन पहिल्यांदाच उडणार असते. चाचणीआधी पिन हलवून मोकळी करायची नाही हे तुम्ही बजावलंत. पूर्वी सगळे तेच करायचे आणि तीन आकडे छान जुळायचे.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते सांगतो.

दुरुस्तीनंतर रात्री वाफ सोडायची होती. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, तोडलेला ऊस वाळत होता, तोडणीची माणसं गाड्यांखाली झोपलेली. पॅनेलजवळचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता. पॅनेलवर दुसऱ्या हंगामाचा पोरगा होता. प्रत्येक घंटेला त्याचा हात व्हॉल्व्हच्या चाकाकडे जायचा. तुम्ही खिशातून खडू काढलात आणि पॅनेलच्या दारावर लिहिलंत, “वाफ 1:40. उशीर माझा.” खाली सही केलीत, खुर्ची ओढून फोनपाशी बसलात. त्यानंतर प्रत्येक फोन तुम्ही घेतलात. “ड्रेनमधून अजून पाणी येतंय” एवढंच सांगायचात आणि ठेवून द्यायचात. पोराचा हात चाकावरून खाली आला. तो केसिंगच्या ड्रेनपाशी जाऊन बसला आणि खरंच पाणी पाहायला लागला.

नाना, टर्बाइनवरची माणसं नियम माहीत नसल्यामुळे चुकत नाहीत. उशिराचा जाब आपल्याला द्यावा लागेल या भीतीनं चुकतात. तुम्ही ती भीती दोन शब्दांनी स्वतःच्या अंगावर घेतलीत. तुम्ही ना आमच्या पगारपत्रकावर, ना आमच्या कुणाच्या नात्यातले. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

त्या रात्रीचा एक तास वीस मिनिटांचा उशीर असा खर्च झाला. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आधी उघडला, कारण एक्झॉस्टकडचं, म्हणजे वाफ बाहेर पडते तिकडचं, केसिंग दीड किलो दाबाच्या हिशेबानं केलेलं असतं. पुढचा मार्ग बंद ठेवून 32 किलोची वाफ आत घेतली तर रिलीफ व्हॉल्व्हच्या भरवशावर जीव टांगला जातो. स्टीम लाइन, स्टीम चेस्ट, केसिंग, एक्झॉस्ट, सगळे ड्रेन उघडे. मेन व्हॉल्व्हला हात न लावता बायपासनं लाइन तापवली. आधी ड्रेनमधून पाणी आलं, मग पाणी आणि वाफ फटफट करत, मग तोंडापाशी काहीच न दिसणारी आणि वीतभर पुढे जाऊन पांढरी होणारी कोरडी वाफ. 32 किलोला पाणी 238 अंशाला उकळतं. लाइनच्या टोकाचा थर्मामीटर त्याच्या पन्नासएक अंश वर जाईपर्यंत तुम्ही रोटर फिरू दिला नाहीत. तोवर सहायक पंपानं तेल फिरत होतं आणि बेअरिंगला जाणारं तेल कोमट झालं होतं. थंड तेल घट्ट असतं, त्याची फिल्म नीट धरत नाही आणि रोटर थरथरतो.

मग हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या टोपीवर टेकवलंत आणि मूठ कानाला लावलीत. मग पोराला लावायला दिलीत. एकसारखी घरघर असली तर ठीक, फेरीगणिक ‘खस्स’ आला तर रोटर कुठंतरी घासतोय. रोटर उभा असताना कुणी वाफ गळू दिली असेल तर वरचा भाग जास्त तापतो, रोटर केसभर वाकतो. हजारावर ठेवलं तर तो सरळ होतो, घाईनं चढवलं तर ग्लँड, म्हणजे दांड्याभोवती वाफ अडवणारं सील, खातो. क्रिटिकल वेगाच्या, म्हणजे रोटर सगळ्यात जास्त थरथरतो त्या, पट्ट्यात मात्र तुम्ही क्षणभरही थांबू दिलं नाहीत, तिथून सरळ वर. हळू कुठं आणि झपाट्यानं कुठं, हे पुस्तकात दोन ओळींत असतं. ते हातात उतरायला शेजारी कुणीतरी शांत बसलेलं लागतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बॉयलिंग हाऊसच्या लॅबमध्ये गेलात, तेव्हा टर्बाइनच्या माणसाचं तिथं काय काम म्हणून काही जणांनी तोंडं वाकडी केली. स्पिंडलवरचे क्षार कुठून येतात हे तुम्ही कंडेन्सेटच्या बाटलीतून दाखवलंत. इव्हॅपोरेटरच्या बॉडीत, म्हणजे रस आटवायच्या भांड्यात, रसाची पातळी वाढवून ठेवली की वेपरबरोबर रस उडतो, पुढच्या बॉडीच्या कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ गार होऊन झालेल्या पाण्यात, साखर येते. तेच पाणी बॉयलरला गेलं की साखर फुटून आम्ल होतं, पाण्याचा पीएच पडतो, ड्रममध्ये फेस उठतो आणि फेसाबरोबर बॉयलरचं पाणी वाफेत चढतं. ते थेट टर्बाइनवर येतं. क्षार ब्लेडवर आणि व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर बसतात, पाण्याचा लोंढाच आला तर रोटरला पुढेमागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग जातं. परीक्षानळीत थोडं कंडेन्सेट, अल्फा नॅप्थॉलचे चार थेंब, नळीच्या कडेनं सावकाश सल्फ्युरिक ॲसिड. दोन थरांच्या मधे जांभळं कडं उमटलं की साखर आहे, ते पाणी ताबडतोब बॉयलरपासून तोडायचं. पूर्वी ही तपासणी पाळीला एकदा व्हायची आणि निकाल पाळी संपल्यावर कळायचा. आता दर तासाला होते, आणि कडं दिसलं की केमिस्ट आधी बॉयलरला फोन करतो, मग वहीत लिहितो. त्याच भार-वाफेला व्हील चेंबरचं, म्हणजे पहिल्या चक्रामागच्या जागेचं, प्रेशर वाढत चाललंय का, तेही आम्ही रोज टिपतो. वाढलं तर ब्लेडवर थर बसतोय.

तेलाचं तुम्ही सांगितलंत तेही चालू आहे. रोज सकाळी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं. तेल दुधाळ दिसलं की थेंबभर तापल्या पत्र्यावर टाकायचं, तडतडलं तर पाणी आहे आणि ग्लँडची वाफ बेअरिंग हाऊसिंगमध्ये शिरतेय. फेब्रुवारीत एकदा तडतडलं. त्याच दिवशी पुढचा ग्लँड उघडायचं ठरलं, चीफ इंजिनिअर साहेबांनी एका शब्दात परवानगी दिली. हे आधी कधी झालं नव्हतं.

जाणकार माणसं पुष्कळ भेटतात. आपली जाण दुसऱ्याच्या पाठीशी उभी करणारा विरळा. बिल मोठं असलं म्हणून माणूस तसा होत नाही. तुम्ही चहासुद्धा ऑइलमन पोरांच्या बाकावर बसून घेतलात, आणि एखाद्याला काही चुकलं म्हणून दाखवायचं असलं तर त्याला बाजूला नेऊन दाखवलंत. ते पोरांनी लॅचच्या धारेइतकंच लक्षात ठेवलंय.

तुम्ही जाताना म्हणाला होतात, “आभार नकोत, हंगामाच्या शेवटी बंद करताना रोटर किती मिनिटांत थांबला तेवढं कळवा.” तर कळवतो. भार उतरवला, ब्रेकर काढला, व्हॉल्व्ह फिरवून नाही तर तुमच्या सांगण्याप्रमाणे हँड ट्रिपनं पाडून बंद केलं. स्टॉप व्हॉल्व्ह एका आवाजात बसला. सहायक तेलपंप आपोआप सुरू झाला. हंगामाच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः मोजलीत ती 16 मिनिटं होती. काल त्याच पोरानं घड्याळ धरलं. 16 मिनिटं 20 सेकंद. म्हणजे रोटर कुठं घासत नाही. बेअरिंगला तेल चालू ठेवून बॅरिंग, म्हणजे रोटर हळू फिरवत ठेवणं, रात्रभर चाललं.

आता पॅनेलला रंग मारायचाय. खडूची ओळ पुसट झाली होती, त्यावर पोरानं पारदर्शक वॉर्निशचा हात मारून घेतलाय. रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली आहे.

आपले,
पॉवर हाऊसमधले सगळे